उघडत नाही ना, ते बघायचं

सकाळी आठ वाजून बावन्न मिनिटांनी माझा नवरा कामावर आला. मी पाण्याची बाटली उघडत होते, झाकण हातात होतं, आणि समोरच्या पडद्यावर नेहमीसारखी चौकट उघडली. दार क्रमांक तीन, प्रवेश, त्याचं नाव, विभाग देखभाल, आणि तो फोटो. त्यात त्याचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत आणि ओठांच्या कोपऱ्यात मला चिडवायचं चालू आहे. ही चौकट चार सेकंद राहते, मग पुढच्या माणसाची येते. पुढच्या टायपिस्टबाई आल्या, केस विंचरलेला फोटो, दार क्रमांक एक. त्याला जाऊन अकरा महिने झाले होते. बूट घालता घालता गेला, एक पायात आणि एक हातात. मी बाटलीचं झाकण परत लावलं, चांगलं घट्ट, आणि मग लक्षात आलं की पाणी प्यायचं राहिलंच.

खरं सांगते, आधी भीती वाटली नाही. आधी मनात आलं, बावीस मिनिटं उशीर. त्याची वेळ साडेआठची. इतक्या वर्षांत तो एकदाही उशिरा आला नाही, आणि आता मेल्यावर हा बेशिस्तपणा. मग भीती आली. मी पर्सचा आतला कप्पा चाचपला. त्याचं कार्ड तिथेच होतं, दोरी गुंडाळलेलं, कोपऱ्यावर त्याने दात कोरून कोरून पांढरा पडलेला भाग तसाच. कार्ड माझ्या पर्समध्ये आणि कार्डाचा मालक दार क्रमांक तीनमधून आत. सासूबाई म्हणतात, मला आजकाल जेवताना मध्येच हात थांबवून भिंतीकडे बघायची सवय लागलीय. म्हटलं, झालं, आता भिंतही बोलायला लागली.

आमची प्रयोगशाळा औषधं तपासते. इमारतीला चौदा दारं, चौदाही कार्डावर उघडणारी, आणि त्या कार्डांचं टेबल माझं. नवीन माणूस आला की मी त्याला स्टुलावर बसवते, हनुवटी वर करा म्हणते, फोटो काढते, नंबर चढवते, कुठली दारं उघडायची ते ठरवून देते. कार्ड पंच केलं की दाराशेजारची डबी नंबर वाचते, वरचा डबा तो यादीत शोधतो, सापडला तर हिरवा दिवा आणि खट्ट. नाही तर तांबडा. माणूस गेला, म्हणजे नोकरी सोडली, निवृत्त झाला, किंवा खरोखरच गेला, तर त्याचा नंबर त्याच दिवशी काढायचा हा नियम. तो नियम लिहिलेला कागद माझ्याच टेबलाच्या काचेखाली आहे. मी चाळीसएक नंबर काढले असतील. एक माणूस माझ्यासमोर रडत होता तरी त्याचा काढला. नवऱ्याचा काढला नाही.

तेरावं झाल्यावर कामावर आले तेव्हा पहिलं काम तेच करायचं होतं. नाव शोधलं, समोर आलं, आणि यंत्राने विचारलं, ही नोंद कायमची काढायची? हो की नाही. मी नाही दाबलं. म्हटलं, नंतर करते. हे त्याचंच वाक्य. नळ गळतोय, नंतर करतो. कपाटाची बिजागरी, नंतर करतो. मी त्या 'नंतर'वरून त्याच्याशी इतकी भांडले आहे, आणि वारसा काय मिळाला तर हाच. उलट सासूबाई बघा. पोटचा मुलगा गेलेला, पण पंधरा दिवसांत त्याचं कपाट रिकामं करून कपडे वाटून टाकले. माणूस गेला, कपाट कशाला अडवायचं, असं म्हणाल्या आणि मग न्हाणीघरात जाऊन दोन तास नळ सोडून बसल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पण त्यांनी निदान कपाट तरी रिकामं केलं.

नऊला फोन वाजला. स्टोअरचे साहेब. यांना आम्ही दोन चष्म्यांचे साहेब म्हणतो, एक नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा शोधत असतात. त्यांच्या ताब्यात नमुन्यांची खोली आहे, दार क्रमांक नऊ. तिथे तपासणीला आलेली औषधं मोहोरबंद ठेवलेली असतात आणि आत जायची परवानगी फक्त सहा माणसांना, त्यात एक देखभालीचा. मी तीन दिवस रजेवर होते, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, म्हणून मला काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी सांगितलं ते असं. एजन्सीने सोमवारी काचसामान धुवायला एक नवी बाई पाठवली. काल दुपारी ती नमुन्यांच्या खोलीत एकटी उभी सापडली. हातात रिकामे ट्रे. विचारलं तर म्हणे दार उघडलं म्हणून आले. कंत्राटी बायकांना आमच्याकडे कार्ड नसतं, त्या घंटी वाजवतात आणि कोणीतरी उठून दार उघडतं. म्हणजे हिने कोणाचं तरी कार्ड ढापलं, नाहीतर कोणाच्या तरी मागून घुसली, आणि वर खोटं बोलते. बारा वाजता एजन्सीचा सुपरवायझर येऊन तिला घेऊन जाईल, आणि तिच्या कागदावर कारण लिहून जाईल. तोवर दार क्रमांक नऊचं कालचं रजिस्टर मला टेबलावर हवं.

मी रजिस्टर काढलं. दार क्रमांक नऊ, काल, दोन वीस, माझ्या नवऱ्याचं नाव. दार क्रमांक तीन, सोमवारपासून आजपर्यंत, आठ बावन्न, आठ एकावन्न, आठ बावन्न, आठ बावन्न, माझ्या नवऱ्याचं नाव. छापलेला कागद अजून कोमट होता. मी त्या नावावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तीन दिवस तो येत होता आणि मी नेमकी घरी सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालत होते. असलं वाटणं वेडेपणाचं आहे हे मला कळतं. पण कळणं आणि वाटणं यांची दारं वेगळी, आणि त्यांचं रजिस्टर कोणी ठेवत नाही.

नव्या बाईला बघायला गेले. तिसऱ्या दाराच्या काचेतून ती दिसली, गरम पाण्याच्या वाफेत, कोपरापर्यंत हात तांबडे, काचेची नळकांडी उलटी करून जाळीवर मांडत होती. तिशीची असेल. मला बघून तिने आधी हात अॅप्रनला पुसले, मग सरळ उभी राहिली. चार दिवसांत तिला असं उभं राहायची सवय लागली होती. मी म्हटलं, तुमचं कार्ड दाखवता का जरा. तिने गळ्यातून काढून दिलं. एजन्सीचं कार्ड, मागच्या फाटकावर त्यांच्या हजेरीच्या यंत्रासाठी दिलेलं. आमच्या दारांशी त्याचा काडीचा संबंध नाही. पहिल्या दिवशी तिला कोणी घंटीचं सांगितलं नव्हतं, दाराशेजारी डबी दिसली, तिने कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. बाकीच्या चौघी घंटी वाजवतात हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा तिला वाटलं की आपल्यावर भरवसा टाकलाय. मग ती हळू बोलली.

"बाई, मी खोटं नाही बोलले. ट्रे परत ठेवून ये म्हणाले, दार उघडलं, मी गेले. नसतं उघडलं तर घंटी वाजवून उभी राहिले असते. मला सवय आहे उभं राहायची."

कार्डाच्या मागे बारीक आकडे असतात, आधी सिरीज, मग नंबर. माझा चष्मा टेबलावर राहिला होता, म्हणून मी कार्ड लांब धरून वाचलं. सिरीज सत्त्याऐंशी, नंबर वीस हजार चारशे सतरा. तो दुसरा आकडा मला पाठ आहे. लग्नाआधी तो एका महिन्यात तीनदा कार्ड हरवल्याचं सांगून माझ्या टेबलापाशी आला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड. दर वेळी स्टुलावर बसायचा, मी हनुवटी वर म्हणायचे, तो डोळे मिटायचा, परत काढा म्हणायचा. तिसऱ्या वेळी दिलेल्या कार्डाचा नंबर वीस हजार चारशे सतरा, सिरीज एकवीस. त्यानंतर कार्ड हरवलं नाही, कारण गरज उरली नाही. ऑफिसात मी त्याला अहो म्हणायचे, घरी अरे, आणि दारांची भानगड असली की बाकी सगळे वैद्यबुवा. कारण तो दाराला कान लावायचा, कुलपाचा खटका ऐकायचा, आणि रोग सांगायचा.

म्हणजे सिरीज वेगळी, नंबर तोच. जगात एकाच नंबराची कार्डं खूप असतात, हे त्यानेच मला शिकवलं होतं. म्हणून तर सिरीज बघायची. ती न बघणं म्हणजे गल्लीचं नाव न वाचता नुसता घरनंबर बघून पत्र टाकणारा पोस्टमन. आणि आमच्या चौदाही दारांना असला पोस्टमन कोणी ठेवला असेल, तर इमारतीत तो एकच माणूस होता ज्याला ते करता येत होतं. मला हे तिथेच, त्या वाफेत उभ्या उभ्या कळलं. तरी मी खात्री करायला त्याच्या खोलीत गेले. जिन्याखालची खोली, अजून कोणाला दिलेली नाही. त्याची वही फळीवर होती. दारांची वही, प्रत्येक दाराचा इतिहास, असं नीटस अक्षर की घरच्या यादीत कधी दिसलं नाही. मी मागे मागे गेले. दोन वर्षं आठ महिन्यांपूर्वीचं पान. नव्या कार्डांचा खोका वेगळ्या सिरीजचा आलाय, दारं ती कार्डं नाकारतात. दुसरी सिरीज प्रत्येक दाराला चढवावी लागेल, दारामागे एक तास. तूर्त सिरीज तपासणी बंद. नंतर चालू करणे. 'नंतर'च्या खाली रेघ मारलेली.

तारीख मी दोनदा वाचली. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा आठवडा. दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा, आणि तो चारला दारात हजर असायचा, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मी विचारायचे, साडेपाचच्या आधी सोडतात कसे रे तुला? तो म्हणायचा, काम उरकलं. मला त्या आठवड्यात जगाची शुद्ध नव्हती, एवढं आठवतं की खिडकीकडे पाठ करून तो स्टुलावर बसायचा आणि संत्र्याच्या फोडींवरचे धागे काढत राहायचा. म्हणजे चौदा तासांचं काम त्याने एका मिनिटात उरकलं होतं, आणि चौदा दारं उघडी टाकून माझ्याकडे आला होता. मी वही मिटून सोबत घेतली. आधी रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ संताप. चूक तुझी आणि निमित्त मी, वा रे वा. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, पडून राहते एकटी, मरत नाही मी. आणि मेला कोण? ह्याला म्हणतात वैद्यबुवा. दुसऱ्याला पथ्य सांगायचा. दार उघडतं का ते चोरही बघतो, आपण उघडत नाही ना ते बघायचं, असं प्रत्येक शिकाऊ माणसाला बजावायचा, आणि मग हे.

साडेदहा वाजले होते. मी टेबलाशी परत आले आणि त्याची नोंद उघडली. आता जे सांगते ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. मला दिसलं की सगळं एका कळीवर आहे. नंबर काढला की संपलं. वीस हजार चारशे सतरा यादीत नाही, म्हणजे नवीच्या कार्डाला दार नाही. रजिस्टरमधलं नाव मी हाताने पुसू शकत नाही, पण नोंद काढली की जुन्या ओळीतही नुसता नंबर उरतो, आणि नुसत्या नंबराला चेहरा नसतो. वैद्यबुवांचं नाव चांगलं राहील. अजून लोक म्हणतात, ते होते तेव्हा दारं कशी वाजायची. मी नियम मोडला हे कोणाला कळणार नाही. आणि भोकही बुजेल, निदान हे एक. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त बारा वाजता दाराशी नवीने कार्ड लावून दाखवलं तर तांबडा दिवा लागेल, ती बघत राहील, आणि त्या क्षणापासून ती खोटारडी. कागदावर कारण लागलं की पुढची एजन्सी घेत नाही, त्यापुढची तर नाहीच. ती म्हणेल, काल उघडत होतं हो. असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. अकरा महिने मी स्वतःच घरात असं म्हणत फिरते, काल होता हो.

बोट 'हो'वर होतं. किती वेळ, ते यंत्राला माहीत नाही, मलाही नाही. मला चमत्कारिक गोष्ट जाणवली ती अशी, की अकरा महिने ज्या कळीला हात लागत नव्हता, ती आज दाबायला मी तयार झाले होते, पण त्याला निरोप द्यायला म्हणून नव्हे, स्वतःला वाचवायला. असा काढायचा का तुला मी? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि त्याच घाईत तुलाही ढकलून द्यायचं? तू दारं उघडी टाकलीस ती निदान माझ्यासाठी. मी हे कोणासाठी बंद करत होते? मी 'नाही' दाबलं. हे 'नाही' आधीच्या 'नाही'पेक्षा वेगळं होतं, एवढं मला तेव्हाही समजलं. मग मी पाणी प्यायला बाटली उचलली आणि ती तशीच पर्समध्ये ठेवून दिली.

बाराला पाच कमी असताना दार क्रमांक नऊपाशी गेले. साहेब होते, एजन्सीचा सुपरवायझर पाठीमागे फाईल धरून, आणि नवी अॅप्रन काढून, घडी करून काखेत. म्हणजे तिने मनाने निरोप घेतला होता. साहेबांनी रजिस्टरसाठी हात पुढे केला. मी कागद दिला नाही. म्हटलं, आधी यांना कार्ड लावू द्या. साहेब म्हणाले, कशाला बाई, एजन्सीचं कार्ड या दाराला कसं चालेल. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, लावू तर द्या. नवीने माझ्याकडे पाहिलं. मी कधी कोणाला असं मान हलवून हो म्हटलं नसेल. तिने हात कुडत्याला पुसला, कार्ड लावलं, हिरवा दिवा, खट्ट. दार बोटभर पुढे आलं.  साहेबांनी नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा लावला, जणू दोष चष्म्यात होता.

"रजिस्टरमध्ये नाव माझ्या नवऱ्याचं येईल," मी म्हटलं. "सिरीज तपासणी त्यांनी बंद ठेवली होती, दोन वर्षं आठ महिने. त्यांचा नंबर काढणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. या बाईंचा दोष एवढाच की दार उघडलं."

बोलून झाल्यावर मी त्याची वही साहेबांच्या हातात दिली. मला वाटलं होतं की हे बोललं की काहीतरी कोसळेल. त्याचं नाव, माझी खुर्ची, काहीतरी. साहेब वही चाळत राहिले, मी खूण केलेलं पान त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, तारखेवर थोडं थांबले. त्यांना आठवलं असावं, कारण त्या आठवड्यात त्यांनीच मला दवाखान्यात फुलं पाठवली होती. मग म्हणाले की आधी दारं बंद करा, बाकीचं मला कागदावर लिहून द्या, तुमचं काय करायचं ते वरचे ठरवतील, आणि माझं मतही मी लिहीन. कसलं मत, ते सांगितलं नाही. सुपरवायझरला म्हणाले, फाईल मिटा. नवीला माफी मागणं त्यांना जमेना. मोठ्या माणसांच्या तोंडात ते वाक्य बसत नाही. त्यांनी दोन्ही चष्मे काढले, पुसले, आणि विचारलं, "उद्या किती वाजता येता?"

"आठ बावन्नला," ती म्हणाली. "बस तेव्हाच पोचते."

मग आम्ही दोघींनी चौदा दारं केली. दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याची वही म्हणजे स्वयंपाकाचं पुस्तक. शिडी इथे लावा, डब्याचं झाकण डावीकडून काढा, चावी, मग हे बटण, मग दुसरी सिरीज, मग तपासणी चालू. मी शिडीवर, नवी शिडी धरून. पहिल्या दाराला अर्धा तास गेला. दुसऱ्याला वीस मिनिटं. पाचव्या दारापासून दहा मिनिटं. तेव्हा मला हसू फुटलं आणि शिडीवरून पडता पडता राहिले. दारामागे एक तास म्हणे! अरे, मी, जिला बल्ब बदलता येत नाही असं तू सगळ्यांना सांगायचास, तिला दहा मिनिटं लागतात. एका दुपारचं काम होतं रे. करून आला असतास तरी चारला पोचला असतास. पण त्या आठवड्यात त्याला दहा मिनिटं एका तासाएवढी दिसत होती, हे मला तिथे, छतालगतच्या धुळीत, अगदी स्वच्छ दिसलं. घाबरला होता तो. मला त्याने ते कधी कळू दिलं नाही, मी त्याला संत्री सोलणारा निवांत माणूस समजत राहिले. कोणी आपल्यासाठी इतकं घाबरलं होतं हे एवढ्या उशिरा कळलं, तरी ते कळून मला आतून ऊब आली.

नवी खालून विचारत होती. म्हणजे चार दिवस मी तुमच्या मिस्टरांच्या नावावर फिरले म्हणा की. मी म्हटलं, हो, आणि बावीस मिनिटं उशिरा. कसे होते, तिने विचारलं. काय सांगायचं? मी सांगितलं की दाराला कान लावायचे. ती म्हणाली, माझी आई भांड्याला टिचकी मारून सांगायची की चीर आहे. आम्ही दार संपवलं की ती आपलं एजन्सीचं कार्ड लावायची, तांबडा दिवा बघायची आणि वर मान करून सांगायची, नाही उघडत बाई. तक्रार नव्हे, खुशीत. चौदा वेळा, नाही उघडत बाई. ते ऐकताना मला वाटलं, इतक्या शिकाऊ माणसांना त्याने बजावलं, त्यातला एकही इतक्या मनापासून तपासत नसेल. दार क्रमांक एकपाशी घंटी वाजली, धुण्याकडची दुसरी बाई होती, आणि टायपिस्टबाई मान वर न करता उठून दार उघडून परत बसल्या. कोण आलं ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी साहेबांच्या कागदात हेही लिहिलं. पाचही बायकांना कार्ड द्या, घंटीला चेहरा नसतो. त्यांनी पावणेचारला सही करून पाठवलं, शेजारी फक्त 'बरोबर' असं लिहून.

नवीला स्टुलावर बसवलं. हनुवटी वर म्हटलं तर तिने डोळे एवढे मोठे केले की कोणीतरी ओरडलंय असं वाटावं. परत काढू का म्हटलं. नको, उघडे आहेत ना, म्हणाली. तिला धुण्याची खोली दिली आणि बाहेरचं दार दिलं, नमुन्यांची खोली दिली नाही. तिने विचारलंही नाही. ती कामाला गेली आणि मी एकटी उरले, ती नोंद आणि मी. फोटो आधी कुठेतरी उतरवून ठेवावा असं मनात आलं. पण तो घेऊन करायचं काय? घरी डोळे उघडे असलेले फोटो आहेत. ही नोंद कायमची काढायची? मी म्हटलं, अरे, काढते हं, आणि हो दाबलं. यादी एका ओळीने वर सरकली, बस.

पण काम झालं नव्हतं. तपासल्याशिवाय झालं म्हणायचं नाही, हे त्याचंच. मी पर्समधून त्याचं कार्ड काढलं, दोरी सोडवली, आणि दार क्रमांक तीनपाशी गेले. दात कोरलेला कोपरा अंगठ्याखाली आला. सात वर्षं या कार्डाला या दाराने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मी लावलं. तांबडा दिवा. परत लावलं, तांबडा. दार जिथल्या तिथे, खटका नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी मला चक्क अभिमान वाटत होता, दार इतकं उत्तम चाललं होतं. काचेपलीकडून नवीने मला पाहिलं. तिला वाटलं मी अडकले, ती हात पुसत दार उघडायला धावली. मी हाताने खूण केली, थांबा. असं कोणासाठी दार उघडायचं नसतं. तिचं कार्ड मिळून वीस मिनिटं झाली होती, तिला कुठून माहीत असणार. ती काचेमागे थांबली, हसली. मी त्याचं कार्ड पर्समध्ये ठेवलं, माझं काढलं, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं रजिस्टर छापलं. चार दहा, दार क्रमांक तीन, अनोळखी कार्ड, प्रवेश नाही. चार दहा, दार क्रमांक तीन, अनोळखी कार्ड, प्रवेश नाही. चार अकरा, दार क्रमांक तीन, माझं नाव, प्रवेश. मी तिन्ही ओळी वाचल्या, कागदाला भोक पाडलं आणि फाईलला लावला. वरच्यांचा निरोप अजून आला नव्हता, येईल तेव्हा येईल. रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. त्या एका डोळ्यावर पट्टी ठेवून ऐकत होत्या, म्हणाल्या, त्याने उघडं टाकलं, तू बंद केलंस, संसार म्हणजे आणखी काय असतं. मग म्हणाल्या, नळ मात्र अजून गळतोय. आठ बावन्नला चौकट उघडली. दार क्रमांक तीन, प्रवेश, नवीचं नाव, आणि ते एवढे मोठे उघडे डोळे. मी बाटलीचं झाकण काढलं आणि पाणी प्यायले.